बैल धावतो की सुई धावते?

दिवाळीच्या अंकात बैलाच्या रक्तालघवीविषयी लिहितो आहे, याबद्दल घरोघरच्या गृहिणींनी प्रथमच काय ते रागावून घ्यावे, म्हणजे पुढचे निर्वेध वाचता येईल. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय शोभत नाही हे मलाही कळते. पण आपल्या दिवाळीचा पहिला दिवस वसुबारसेचा. त्या दिवशी आपण सवत्स धेनूला ओवाळतो, गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी खातो, वासराच्या कपाळाला कुंकू लावतो. ते वासरू गोऱ्हा असेल तर मोठेपणी त्याचे काय होते, हे विचारायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

आमच्या भोर-वेल्ह्याकडे पूर्वी त्याचे एकच होत असे : तो भाताच्या खाचरात उतरे. आषाढाच्या पावसात गुडघाभर चिखलात चिखलणी ओढणे हे त्याचे जन्माचे काम. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी ज्यांनी भात लावला आहे त्यांना सांगायला नको, की त्या कामाला वेग लागत नाही, खांदा लागतो. आता खाचरात पॉवर टिलर फिरतो. तो चारा खात नाही, आजारी पडला तर मिस्त्री येतो. मग दावणीला बैल ठेवायचा कशासाठी? गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचे उत्तर शर्यतीने दिले. खिलार जातीचा चलाख खोंड आज लाखांच्या भावाने विकला जातो, त्याचे नाव पोरांच्या तोंडी असते, त्याची छबी मोबाइलवर फिरते, आणि यात्रेच्या मैदानात त्याच्यावर हजारोंचे डोळे लागलेले असतात. मी चित्रकलेचा मास्तर आहे. वर्गात ‘बैल काढा’ म्हटले की पूर्वी झूल, शेंब्या आणि बाशिंग निघे. आता छकडा निघतो, मागे धुळीचा लोट निघतो आणि कोपऱ्यात बक्षिसाची जीप उभी असते. मुले पाहतात तेच काढतात. त्यांना गुण कमी द्यायला मला कारण सापडत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर अर्ध्यावर वाचून लोक मला शर्यतीचा वैरी ठरवतील. मी शर्यतीचा शत्रू नाही. मैदानाच्या कडेला उभे राहून मीही ओरडलो आहे. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन खिलार टिकवला, बंदीच्या वर्षांतही दावण मोडली नाही, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पोटच्या पोराला आठवड्याला एक अंडे आणि बैलाला रोज डझनभर, असे घर मी पाहिले आहे, आणि त्या घरातल्या पोराला त्याचा हेवा वाटत नव्हता हेही पाहिले आहे. माझे भांडण या मालकाशी नाही. माझे भांडण मैदानामागच्या बाभळीखाली, टेम्पोच्या आडोशाला, खिशातून बाहेर निघणाऱ्या सुईशी आहे. आणि त्याहून अधिक, त्या सुईकडे पाठ करून ध्वनिक्षेपकावर ‘परंपरा, परंपरा’ असा घोष करणाऱ्या कमिटीशी आहे.

‘मास्तर, तुम्ही सुई पाहिली का?’ असा प्रश्न येणारच. हेच तर माझे म्हणणे आहे! मी पाहिली नाही, तुम्ही पाहिली नाही, कमिटीने पाहिली नाही. तरी प्रत्येक मैदानावर हरलेल्या गाडीचा मालक जिंकलेल्या बैलाकडे बोट दाखवून ‘याला काहीतरी टोचलंय’ असे म्हणतोच. कधी ते खरे असेल, कधी ती हरलेल्याची जळफळ असेल. कोणते खरे हे ठरवण्याचे साधन मैदानावर ठेवलेलेच नाही. म्हणजे चोर मोकळा सुटतो आणि साव कायमचा संशयात राहतो. ज्याने तीन वर्षे खोंड पोटच्या पोरासारखा वाढवला आणि निव्वळ त्याच्या पायांच्या जोरावर निशाण घेतले, त्याच्याही वाट्याला हीच कुजबुज. त्या माणसाच्या हातात देण्यासारखा एक कागद असतो : प्रयोगशाळेचा. तो त्याला कोणी देत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कायद्याचे नाव काढताच पान उलटू नका, गंमत पुढे आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा. त्याच्या अकराव्या कलमात जनावराला जाणूनबुजून, विनाकारण अपायकारक औषध वा पदार्थ देणे हा गुन्हा सांगितला आहे. म्हणजे सुई ही काही आजची शंका नव्हे, पासष्ट वर्षांपूर्वी दिल्लीत बसलेल्या लोकांनाही ती सुचली होती. आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड! यात्रेत पोराला आकाशपाळण्यात बसवले तरी पन्नासाची नोट जाते. जिथे पहिल्या नंबराला मोटार मिळते तिथे पन्नास रुपयांच्या दंडाने कोणाचा हात थरथरेल?

यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. २०११ साली केंद्र सरकारने प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि आपल्या बैलगाडा शर्यती, दोन्ही बंद केल्या. त्या निकालपत्रात जल्लिकट्टूच्या मैदानावरच्या पाहणीची जी हकीकत आहे, तीत बैलांच्या तोंडात दारूसारखा द्रव ओतल्याचा उल्लेख आहे. २०१७ साली महाराष्ट्राने आपला दुरुस्ती कायदा केला, शर्यतीचे नियम केले. तो उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा कायदा उचलून धरला. गावोगावी गुलाल उधळला गेला. भोरातही उधळला.

पण तो गुलाल कशाच्या जोरावर उडाला हे कोणी वाचले का? आमच्या कायद्यात आणि नियमांत बैलाची काळजी घेण्याची व्यवस्था आहे, असे राज्याने न्यायालयाला सांगितले, आणि तो शब्द मानला गेला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, धाव हजार मीटरच्या आत हवी, पशुवैद्याने बैल तपासून दाखला दिला पाहिजे, उत्तेजक द्रव्य द्यायचे नाही. मैदानात बैलाला यातना देईल त्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पन्नास रुपयांवरून पाच लाखांवर आलो, ही प्रगती लहान नव्हे! फक्त एक गोष्ट राहिली. टोचले की नाही हे कळणार कसे?

दाखला म्हणाल तर तो शर्यतीच्या आधीचा. डॉक्टर बैलाचे डोळे पाहतात, पाय पाहतात, ताप पाहतात, श्वास मोजतात आणि सही करतात. त्यात त्यांची चूक नाही. माणसाच्या डोळ्याला जे दिसते तेच ते पाहणार. रक्तातले औषध डोळ्याला दिसत नाही. उलट दुखऱ्या पायाच्या बैलाला वेदनाशामक सुई दिली तर तो तपासणीत अधिकच ठणठणीत दिसेल! आणि सही झाल्यापासून छकडा निशाणाला लागेपर्यंत जो वेळ जातो, त्याचा पहारेकरी कोण? परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांचे खिसे तपासायचे आणि पेपरच्या वेळी वर्गाबाहेर जाऊन बसायचे, असे आम्ही मास्तर करू लागलो तर तुम्हीच आमच्या नावाने शंख कराल.

वेदनाशामकाविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. लोकांना उत्तेजक औषधाची भीती वाटते, कारण त्याने बैल पिसाळल्यासारखा होतो, ते उघड दिसते. मला वेदनाशामकाची भीती अधिक वाटते. वेदना ही बैलाची एकुलती एक भाषा आहे. त्याच्या खुरात, गुडघ्यात, खांद्यात काही बिघडले तर तो लंगडून सांगतो. ती भाषा सुईने बंद केली की तो दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकून धावतो आणि जे स्नायूचे दुखणे आठ दिवसांच्या विश्रांतीने बरे झाले असते ते हाडावर जाते. पाय मोडला तो बैल पडतो, जोडीदाराला ओढतो, छकडा उलटतो. आणि आमच्या मैदानांना दोरीचे कुंपण असते, दोरीच्या पलीकडे बापाच्या खांद्यावर बसलेली पोरे असतात. ही औषधे खेड्यात किती सहज मिळतात याचा पुरावा आकाशात आहे, किंवा असे म्हणा की आकाशात नाही. गिधाडे कुठे गेली? गुरांना सर्रास दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००६ साली ते औषध गुरांसाठी बंद झाले, तोवर देशातली बहुतेक गिधाडे संपली होती. २०२३ साली आणखी दोन वेदनाशामके, केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक, गुरांसाठी बंद करावी लागली. बैलाला टोचलेली सुई बैलाशी थांबत नाही, हे आपल्याला गिधाडांनी मरून सांगितले.

जगात गाडी ओढणाऱ्या जनावराची शर्यत काही आपणच लावत नाही. अमेरिका, फ्रान्स, स्वीडन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत घोडागाडीच्या शर्यती मोठ्या प्रमाणावर चालतात. सल्की नावाची दोन चाकांची हलकी गाडी, आपल्या छकड्याची गोरी मावसबहीण, तिच्यावर एक माणूस, आणि पुढे दुडक्या चालीचा एकच घोडा. घोडा चौखूर उधळला तर त्याला आवरून पुन्हा दुडकीवर आणावे लागते. आपल्याकडे उधळला तर टाळ्या पडतात, एवढाच फरक. तिथेही माणसे तीच, लोभ तोच. काही वर्षांपूर्वी तिथे एक ‘मिल्कशेक’ निघाला. नावावरून आइस्क्रीमच्या दुकानातला वाटेल, पण हा निराळा. आपल्या भज्यांत पडतो तोच खाण्याचा सोडा साखरपाण्यात कालवायचा आणि नाकातून नळी घालून घोड्याच्या पोटात ओतायचा. धावताना स्नायूंत आम्ल साठते आणि जनावर थकते. रक्तात सोडा असला की ते आम्ल मारले जाते आणि थकवा उशिरा येतो, असा हिशेब. घोड्याला त्या नळीने काय वाटते, हे हिशेबात कुठेच नाही.

मग त्यांनी काय केले? ‘आमची परंपरा’ म्हणून छाती बडवली नाही. शर्यतीच्या मैदानावरच, शर्यतीच्या आधी घोड्याचे रक्त काढून त्यातला कर्बद्विप्राणील वायू मोजू लागले. निरोगी घोड्याचा आकडा दर लिटरला तीस मिलिमोलच्या आसपास असतो; ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने मर्यादा घातली छत्तीसची. आकडा पुढे गेला की मालकाचे आणि शिकवणाऱ्याचे काही चालत नाही. शर्यत झाल्यावर पुन्हा रक्त, पुन्हा लघवी. नमुन्याचे दोन भाग : एक तपासायचा आणि दुसरा मोहोरबंद ठेवायचा, म्हणजे पहिल्यावर वाद झाला तर दुसरा उघडता येतो. मोठ्या शर्यतीआधी काही ठिकाणी घोडे पहाऱ्यातल्या तबेल्यात आणून ठेवतात, तिथे मालकालाही वाटेल तेव्हा जाता येत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. १९१० साली व्हिएन्नामध्ये घोड्यांना औषधे देतात असा बोभाटा झाला, तेव्हा तिथल्या जॉकी क्लबने बुकोव्स्की नावाच्या रसायनतज्ज्ञाला पाचारण केले आणि त्याने घोड्याच्या लाळेतून औषध ओळखून दाखवले. लाळेतून! एकशे पंधरा वर्षांपूर्वी! तेव्हा आमच्या भोरात पंतसचिवांचे राज्य होते. आज आमच्या खिशात विमानाचे तिकीट काढणारे यंत्र आहे आणि बैलाच्या लाळेविषयी आम्ही ‘ते कसं कळणार बुवा’ म्हणून मान हलवतो.

तिकडे सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नका. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी घोड्यांना गुप्त औषधे दिल्याबद्दल सत्तावीस जणांवर खटले भरले. त्यांत शिकवणारे होते, औषधे विकणारे होते आणि पशुवैद्यही होते. त्यांतले कित्येक घोडागाडीच्या शर्यतीतले. त्यांची औषधे नेहमीच्या चाचणीत सापडू नयेत म्हणूनच घडवलेली होती. ती पकडली गेली टेलिफोन ऐकून. त्याच वर्षाअखेर अमेरिकेने घोड्यांच्या शर्यतींसाठी देशभर एकच कायदा केला, पण त्यात आले स्वारीचे घोडे. गाडीचे घोडे पूर्वीप्रमाणेच राज्याराज्यांच्या हवाली राहिले. गाडी ओढणाऱ्याला सगळीकडे मागच्या पंगतीला बसवतात असे दिसते. या हकीकतीवरून आमच्याकडचे एक शहाणे म्हणाले, ‘बघा, चाचणी करूनही चोऱ्या होतातच ना? मग करायची कशाला?’ या न्यायाने कुलपे, पोलीस आणि शाळेतल्या परीक्षा सगळेच बंद करावे लागेल.

आणि अमेरिकेला तरी कशाला जावे? भोरपासून पुणे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथल्या लष्कर भागातल्या रेसकोर्सवर पावसाळ्यात घोडे धावतात, आणि जिंकलेल्या घोड्याला माळ घालून घरी नेत नाहीत. आधी नमुना द्यावा लागतो. घोडा शेठजींचा असला की त्याच्या लघवीला किंमत, आणि बैल शेतकऱ्याचा असला की दाखल्यावरच्या सहीवर भागते, हा कोणता न्याय? घोड्यावर पैसे लागतात म्हणून तपासणी, असे कोणी म्हणेल. बैलावर लागत नाहीत का? २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडजवळ चिखलीच्या घाटात पहिल्या नंबराला जेसीबी यंत्र ठेवले होते. २०२५ च्या नोव्हेंबरात सांगली जिल्ह्यातल्या मैदानात फॉर्च्युनर मोटार. एवढ्या बक्षिसासाठी माणूस काय करील आणि काय करणार नाही, हे कादंबरीकाराला विचारू नका. तो फार वाईट वाईट कल्पना करतो.

माझ्यावर दोन्ही बाजूंनी दगड येणार आहेत. पहिला दगड गावचा : ‘बैल आमचा देव आहे. देवाची तपासणी करता?’ देव आहे हे मान्य. बेंदराच्या आदल्या दिवशी आपण त्याचा खांदा तूप-हळदीने मळतो, त्याला जेवणाचे आवतण देतो. ही परंपरा माझ्या आजीने पाळली, आईने पाळली. त्या दोघींच्या हळदीच्या वाटीशेजारी सुई कधी नव्हती. परंपरेचे नाव घ्यायचे तर सगळे घ्या. खांदेमळणी सोडून फक्त चाबकाला आणि बाटलीला परंपरा म्हणू नका. आणि देवाच्या दागिन्यांची मोजदाद दरवर्षी पंचांसमोर होतेच की नाही? त्याने देवाचा अपमान होत नाही. झालाच तर पुजाऱ्याचा होतो, तोही दागिने कमी भरले तरच.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे : ‘तपासणी म्हणजे बंदीची चोरपावले. एक बैल सापडला की हे प्राणिप्रेमी पुन्हा कोर्टात जातील.’ जातील, जरूर जातील. पण कोर्टात जायला त्यांना तुमची तपासणी लागत नाही, कोणाच्याही मोबाइलमधले दोन मिनिटांचे चित्रीकरण पुरते. त्या वेळी न्यायमूर्ती विचारतील : दिलेला शब्द तुम्ही पाळला का? तेव्हा कमिटीच्या हातात काय असेल? दाखल्यांची चवड आणि सत्काराचे फेटे. एक गुन्हेगार पकडून बाद केल्याची नोंद असेल तर तीच तुमची वकिली करील. सापडलेला एक बैल शर्यत बंद पाडणार नाही, न शोधलेले शंभर पाडतील.

तिसरा दगड शहरातून येईल. तिथले प्राणिप्रेमी म्हणतील, ‘तपासणी कसली करता, शर्यतच बंद करा.’ त्यांच्या मनातली कळकळ खोटी नाही. पण महाराज, बंदी तुम्ही पाहिलीत, आम्ही भोगली. बंदीच्या वर्षांत शर्यती संपल्या नाहीत, त्या पहाटे लागू लागल्या. २०२१ च्या ऑगस्टात सांगली जिल्ह्यात झरे गावी बंदी मोडून शर्यत झाली, ती तर उघड गाजावाजा करून. चोरून लागणाऱ्या शर्यतीला डॉक्टर येत नाही, रुग्णवाहिका येत नाही, जखमी बैल दवाखान्यात नेता येत नाही, कारण नेला तर गुन्हा दाखल होतो. सुईला याहून मोकळे रान कोणते? आणि शर्यत खरोखर संपली तर हा खिलार उद्या कोणाच्या दावणीला राहील, याचे उत्तर तुमच्या पत्रकात मला सापडत नाही.

१९०४ च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावणाऱ्या टॉमस हिक्सला त्याच्याच माणसांनी वाटेत स्ट्रिक्नीन आणि ब्रँडी पाजली होती. तो अर्धमेला होऊन पोहोचला, आणि सुवर्णपदक त्याचेच ठरले. त्याच्याविषयी मला फारसे वाईट वाटत नाही. त्याने तोंड उघडले होते. त्याला नको म्हणता आले असते. आमच्या बैलाला वेसण असते.

‘पण मास्तर, खर्च?’ खर्चाचे ऐका. आमच्या गावागावांत रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दुधाची तपासणी होते. म्हातारी लिटरभर दूध घेऊन आली तरी तिच्या चरवीतला नमुना काढतात, फॅट बघतात, डिग्री बघतात, आणि पाणी असेल तर चारचौघांत दर कापतात. कोणी म्हणत नाही की गाय आमची माता आहे, तिच्या दुधाची परीक्षा कसली! गाईच्या लिटरभर दुधाला जी शिस्त आपण लावली, ती बैलाच्या लाखमोलाच्या धावेला लावता येत नाही असे म्हणणाऱ्याला मी एवढेच म्हणेन, की तुम्ही म्हातारीला भिता तेवढेही कमिटीला भीत नाही. सगळ्या बैलांची तपासणी कोण मागतो? अंतिम फेरीत पहिल्या तीन आलेल्या जोड्या आणि चिठ्ठी टाकून निघेल ती आणखी एक. बक्षिसाच्या जीपमध्ये जेवढे डिझेल भरून देता, तेवढ्याचा विचार तरी करा.

करायचे कसे, तेही सांगतो. नुसते ओरडून गप्प बसणारा मास्तर मुलांना आवडत नाही. निशाण पडल्यावर जोडी सोडायची ती मालकाच्या टेम्पोकडे नव्हे, मैदानाच्या एका कोपऱ्यात बांधलेल्या मांडवाखाली. तिथे पाणी, सावली आणि सरकारी पशुधन विकास अधिकारी. बैल शांत होईपर्यंत थांबायचे. लघवी झाली तर उत्तम, मानेच्या शिरेतून थोडे रक्त. आमच्याकडे पैऱ्याची पद्धत आहे, म्हणजे जोडीतला एक बैल एका गावचा आणि दुसरा दुसऱ्या गावचा. म्हणून नमुने बैलागणिक वेगळे घ्यायचे, नाहीतर एकाच्या पापाची धूळ दुसऱ्याच्या डोक्यावर. बैलाचे नाव लिहायचे नाही. त्याच्या कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावर बारा आकडे आहेत. तेवढे लिहायचे, म्हणजे प्रयोगशाळेतल्या माणसाला आमदारांचा बैल कोणता हे कळण्याची सोय राहत नाही. दोन बाटल्या, दोन्हींवर लाख, लाखेवर मालकाचा अंगठा. पुण्यात औंधला जनावरांच्या रोगांचा तपास करणारा सरकारी विभाग आहे, गणेशखिंडीला न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. हे काम त्यांच्याकडे सोपवायचे की त्यासाठी निराळी सोय करायची, हे सरकारने ठरवावे. मॅट्रिक झालेल्या मास्तराने तेवढे तरी त्यांच्यासाठी शिल्लक ठेवले पाहिजे.

एक सावधगिरी मात्र घ्यावी लागेल. घोड्याचे आकडे उचलून बैलाला लावता येणार नाहीत. बैल रवंथ करणारा प्राणी, त्याच्या पोटाची घडणच निराळी. औषध त्याच्या अंगात किती वेळ राहते, हे घोड्यावरून ठरत नाही. धान्य जास्त खाऊन पोट बिघडले तर डॉक्टर गुरांना तोच खाण्याचा सोडा देतात. तेव्हा सोडा सापडला की चोर, असेही चालणार नाही. खिलाराच्या रक्ताचे नेहमीचे आकडे काय असतात हे आधी शेकडो बैलांवर मोजावे लागेल, आजारपणातल्या औषधाची नोंदवही मालकाला ठेवावी लागेल, आणि कोणत्या औषधानंतर किती दिवस मैदान बंद, याचा तक्ता प्रत्येक गावच्या चावडीवर लागला पाहिजे. दुधाच्या बाबतीत हे आपल्याला ठाऊक आहेच : गाईला औषध चालू असताना तिचे दूध डेअरीला घालायचे नसते.

आणि दोषी सापडलाच तर शिक्षा माणसाला व्हावी. बैलाला कायमचा बाद केला की तो मालकाच्या लेखी त्या दिवशी संपतो, आणि संपलेल्या बैलाचे काय होते हे आपण एकमेकांना न सांगता समजून घेतो. बैलाला सक्तीची विश्रांती आणि मालकाला ठरावीक वर्षे मैदानबंदी. ज्याने टोचले त्याचे नाव, मग तो औषधविक्या असो की डॉक्टर, पोलिसांकडे. बक्षीस अहवाल येईपर्यंत कमिटीने द्यायचे नाही. फोटो काढायचे असतील तर जीपसमोर उभे राहून खुशाल काढावेत, किल्ली नंतर.

दिवाळी झाली, भात कापून खळ्यावर आला की आमच्याकडे यात्रांच्या बैठका सुरू होतील, आणि चैत्रापर्यंत मैदानामागून मैदान लागेल. वर्गणीची पावतीपुस्तके छापायला जातील, प्रमुख पाहुणे ठरतील, फेटे बांधणारा सांगून ठेवतील. त्याच बैठकीत आणखी दोन ठराव लिहायला फार शाई लागणार नाही. एक, मांडवाचा. दुसरा, दुसऱ्या बाटलीचा. ती तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, लसी ठेवतात त्या शीतकपाटात ठेवावी. तिथे एका कप्प्यात एवढी जागा सहज निघेल. कपाटाची किल्ली मात्र कमिटीच्या कोणाही सभासदाकडे असू नये.